आधी तक्रार, मग सोयरीक

सुपारी फोडायला बसण्याआधी मार्तंडरावांनी सहज वर पाहिलं, आणि त्या दिवसाचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

प्रताप नगरमधलं हे घर त्यांच्याच हातचं होतं. नकाशा त्यांचा, सळ्यांचं गणित त्यांचं, देखरेख त्यांची. खापा गावची शेती भावाकडे सोपवून धर्मेंद्र नागपुरात आला, तेव्हा त्याने एकच मागणी केली होती, “साहेब, पोर्च असा द्या का गल्लीतल्या माणसानं मान वर करून पाह्यलं पाह्यजे.” मार्तंडरावांनी एकही खांब न लावता भिंतीतून सरळ बाहेर झेपावणारा पोर्च दिला. गल्ली खरोखरच मान वर करून पाहत होती. त्याच बांधकामावर मार्तंडरावांना डबा पोचवणारी त्यांची मुलगी नूपुर आणि स्लॅबवर पाणी मारायला येणारा धर्मेंद्रचा आयुष यांचं जमलं, आणि आज त्याच पोर्चखाली दोन्ही घरं लग्नाची बोलणी करायला जमली होती.

फक्त आज पोर्चखाली मांडव होता. झेंडूच्या माळा गुंडाळलेले चार खांब आणि वर लाल-पिवळं कापड.

“धर्मेंद्रराव, बोलणीला मांडव?”

“आमच्यात राहते तसं,” धर्मेंद्र म्हणाला.

“पण स्लॅबच्या खाली? इथे डोक्यावर ऊन तर येत नाही.”

“हौस हो, साहेब. एकुलतं एक पोरगं आहे.”

मार्तंडरावांनी खांबावर हात ठेवला. चाळीस वर्षं बांधकामावर काढलेल्या माणसाचा हात झेंडूला फसत नाही. आत गार लोखंड लागलं. त्यांनी माळ जरा बाजूला सारली. सेंट्रिंगला लावतात तो टेकू होता, वरच्या टोकाला घट्ट पिळलेला.

“हा खांब मांडव धरून राहिला नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “हा माझा पोर्च धरून राहिला आहे.”

“अजी, पहिले जेवून घेऊ नं,” धर्मेंद्र घाईघाईने म्हणाला. “वडाभात गरम आहे.”

पण मार्तंडराव जिन्याकडे वळले होते. त्यांच्यामागे त्यांची थोरली बहीण यमुताई निघाली. तिच्या गुडघ्यांना जिना सोसत नसे, पण महाल भागातल्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला, जिथे काही बिघडलंय तिथे आपण हजर नाही हे त्याहून सोसत नसे. भावाची बायको गेल्यापासून त्याचं घर तीच चालवत होती.

वर गच्चीतून पोर्चवर उतरल्यावर लपलेलं काही शिल्लक राहिलं नाही. जिथे पोर्च भिंतीला मिळत होता, तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा होता. त्यात कोणीतरी पांढरं सिमेंट भरलं होतं आणि त्यावरून तुळशीच्या, शेवंतीच्या कुंड्यांची रांग लावली होती. मार्तंडरावांनी एक कुंडी उचलली, खाली ठेवली, दुसरी उचलली.

“मोठं आहे का रे?” यमुताईने विचारलं.

“ताई, असा पोर्च वरच्या सळ्यांवर उभा असतो. तडा वरून गेला, म्हणजे ओतताना सळ्या खाली दबल्या. कोणीतरी त्यांच्यावरून चालत गेलं आणि परत उचलल्या नाहीत.” ते थांबले. “ते पाहायला मी तिथे होतो.”

यमुताई गुडघ्यावर हात ठेवून जिन्याकडे वळली.

दोघं खाली आल्यावर धर्मेंद्रने आपल्या परीने सगळं सावरून घेतलं. दिवाळीच्या आसपास तडा दिसला होता. तेव्हाच आयुषने घरात नूपुरचं नाव काढलं होतं. मग होणाऱ्या व्याह्याला कोण सांगणार की तुमचा पोर्च झुकला? “किरकोळ गोष्ट आहे, साहेब. लग्न होऊन जाऊ द्या. मंग सावकाश पाहू. तुमी-आमी काय परके आहो?”

‘लग्न होऊन जाऊ द्या’ हे शब्द ऐकून हातात पाण्याचा पेला घेतलेली नूपुर जागीच थांबली.

गेल्या महिन्यात, वडील निवृत्त झाले तेव्हा, त्यांचं धरमपेठेतलं ऑफिस तिनेच आवरलं होतं. पॉलिटेक्निकमधून आली की रोज थोडं थोडं. जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या तिने बांधल्या, फोन बंद केला, आणि कामातल्या चुकांवर कोणी भरपाई मागितली तर ती देणारा जो विमा बाबा अकरा वर्षं भरत आले होते, त्याचं नूतनीकरण करू नका असं बाबांच्या सांगण्यावरून तिनेच कळवलं होतं. तो विमा उद्या संपत होता.

ती पेला ठेवून मागच्या अंगणात गेली आणि विम्याचं काम पाहणाऱ्या प्रीतमला फोन लावला. तो जेवत होता, पण ‘पोर्च’ आणि ‘तडा’ हे दोन शब्द ऐकल्यावर त्याचं जेवण थांबल्याचं फोनमध्येही कळलं.

“समोरच्यांनी लेखी तक्रार केली का?”

“नाही ना. ते म्हणतात लग्नानंतर पाहू.”

“ताई, लग्नानंतर काही पाहता येणार नाही. हा गाडीच्या विम्यासारखा नाही. गाडीत अपघात कोणत्या दिवशी झाला ते पाहतात. सरांच्या विम्यात पोर्च कधी बांधला, तडा कधी गेला, ते नाही. समोरच्याने भरपाई कधी मागितली, ते पाहतात. पॉलिसी चालू असताना मागणी आली आणि आपण ती कळवली, तर कंपनी सरांच्या मागे उभी राहणार. पॉलिसी संपल्यावर आली, तर तोच पोर्च, तोच तडा, पण कंपनी आपल्याला ओळखत नाही.”

“पण बांधला तेव्हा विमा होता!”

“तो पाहिजेच होता. विमा पहिल्यांदा घेतला त्याच्याही आधीचं काम असतं, तर आज ओरड होऊनही उपयोग नव्हता. पण बांधताना होता एवढ्यावर भागत नाही. ओरड होताना पण पाहिजे.”

“मग बाबांनीच कळवलं तर? की असं असं झालंय म्हणून?”

“तसंही कळवता येते. पण उद्या इथून मागणी येऊ शकते असं काहीतरी ठोस सांगावं लागते. इथे तर मालकच म्हणून राहिले, आमची काही तक्रार नाही. मी सरांना दोनदा म्हटलं होतं, एकदम बंद करू नका. सर म्हणाले, प्रीतम, अकरा वर्षांत एक तक्रार नाही, आता ऑफिसच बंद केलं तर तक्रार कुठून येणार?”

तक्रार पुढच्या अंगणात झेंडूच्या माळा घालून उभी होती.

“आणि ऐका,” प्रीतम म्हणाला. “सरांना म्हणा, चूक माझी आहे असं कोणाजवळ बोलू नका. मी बांधून देतो असंही म्हणायचं नाही. कंपनीला न विचारता कबूल केलं तर कंपनी हात वर करते. पोर्च कोणाच्या अंगावर येऊ नये म्हणून टेकू राहू द्या, पण तोडफोड करू नका. आणि दोन घरांत सोयरीक होऊन राहिली, तेही स्पष्ट कळवा. लपवलेलं पहिले सापडते.”

नूपुर आत आली तेव्हा यमुताईने पुरुषमंडळींना पोर्चखालून उठवून दिवाणखान्यात सतरंजीवर बसवलं होतं. तिने मान सरळ ठेवली आणि आपल्या होणाऱ्या सासऱ्याला म्हणाली, “काका, आमच्यावर तक्रार करा. लेखी. आजच.”

कुठल्याही बोलणीत मुलीकडून अशी मागणी आजवर आली नसावी.

तिने सगळं सांगितलं. कोणाला नीटसं कळलं नाही. पहिल्यांदा कळलं ते यमुताईला.

“म्हणजे चूक कधी झाली ते नाही, बोंब कधी ठोकली ते पाहतात.”

“हो, आत्या.”

“आणि उद्यानंतर ठोकली तर ऐकायला कोणी नाही.”

“हो.”

“कशाला हवी कंपनी!” मार्तंडराव उसळून उभे राहिले. गच्चीवरून आल्यापासून ते दाबून बसले होते. “धर्मेंद्रराव, स्पष्ट सांगतो. ही चूक सर्वस्वी मा—”

“बाबा, पाणी प्या!”

“मला तहान नाही. माझी जबाब—”

“मार्तंडा,” यमुताई शाळेतल्या आवाजात म्हणाली, “पाणी पी.”

मार्तंडराव पाणी प्याले. पेला खाली ठेवताच पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा आयुषने दुसरा पेला पुढे केला.

धर्मेंद्रची अवस्था वेगळीच होती. त्याला विमा कळला होता, कारण पिकाचा विमा त्याने भरला होता आणि त्याचे अनुभव वाईट होते. पण त्याच्या डोळ्यांपुढे कंपनी नव्हती, खाप्याचा चंपतमामा होता. मार्तंडराव साहेब आपल्याशी सोयरीक करतात हे धर्मेंद्रने ज्या चंपतमामाला तीनदा फोन करून सांगितलं होतं, तो उद्या पारावर बसून म्हणणार, धर्मेंद्रनं इवायावर, व्याह्यावर, तक्रारीचा कागद केला अन् मंग सून आणली.

“माह्याकडून होणार नाही,” तो म्हणाला. “मी साहेबावर कागद करू? ज्या माणसानं मले घर देलं, पोरगी देऊन राहिला?”

“पप्पा, कंपनीसाठी आहे. साहेबांवर राग म्हणून थोडी आहे?” आयुष म्हणाला.

“तू चूप राय गा. लग्नाच्या पहिलेच तिकडचा झाला.”

“मी तिकडचा काय? पोर्च तर आपला आहे!”

“काका,” नूपुर म्हणाली, “तुम्ही तक्रार केली नाही, तर बाबा साठवलेलं सगळं मोडून हा पोर्च बांधून देतील. देतीलच. तुम्ही नाही म्हणाल, ते ऐकणार नाहीत. मग त्या पोर्चखालून या घरात यायचं मला कसं वाटेल?”

धर्मेंद्रने आवाज चढवला. “पन मी मालक आहो नं घराचा? माही तक्रार नाही त नाही! जबरदस्ती आहे का?”

“तू कायचा मालक?”

हा आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला होता. तिथे धर्मेंद्रची आई, प्रयागबाई, पदराला हात पुसत उभी होती.

खाप्याच्या शेतातला जो तुकडा विकून हा प्लॉट घेतला, तो तुकडा प्रयागबाईच्या नावावर होता, आणि म्हणून घरही तिच्याच नावावर होतं. ते कोणाला आठवत नसे. तिलाही मुद्दाम आठवण काढायची कधी गरज पडली नव्हती. पण गेले चार महिने तिला तिच्याच घरात काही बोलायची मनाई होती. पोर्चमध्ये तिची खुर्ची असे. सकाळचं ऊन तिथे तिरपं येई, त्यात पाय पसरून ती गल्लीतल्या सगळ्यांची विचारपूस करी. दिवाळीनंतर धर्मेंद्रने खुर्ची आत नेली. ‘आई, कोणाले सांगू नको. सोयरीक आहे.’ तेव्हापासून ती धुणं धुवायच्या दगडाजवळून, मागच्या दाराने ये-जा करत होती.

“हाव वं पोरी,” ती नूपुरला म्हणाली, “माही तक्रार हाये. घे लिहून.”

“आई!”

“चूप. पालिशी उद्या मरून राहिली म्हनते थे. मंग गाऱ्हानं जित्याजवळ सांगाव का मेल्याजवळ?”

प्रीतमने फोनवर इतका वेळ घालवून जे सांगितलं, ते प्रयागबाईने एवढ्यात उरकलं होतं. यमुताईने तिच्याकडे नव्याने पाहिलं, पिशवीतून पेन काढलं आणि सतरंजीवर जागा करून दिली.

“या, प्रयागबाई. बसा. मी लिहिते.”

“सुपारी पहिले फोडून घेऊ,” धर्मेंद्रने शेवटचा प्रयत्न केला. “नातं पक्कं होऊ द्या, मंग—”

“मुळीच नाही,” यमुताई म्हणाली. “नातं पक्कं झालं की तुम्ही सगळे पुन्हा लाजायला लागाल. आधी तक्रार, मग सोयरीक.”

आणि मग प्रयागबाई बोलू लागली. पोर्च झुकला, वरून तडा गेला, अवकाळी पावसात पाणी आत आलं, खाली टेकू लावावे लागले, तो पाडून नीट बांधून मिळावा. इतकं यमुताईने आपल्या सुवाच्य अक्षरात उतरवलं. पण चार महिन्यांचं साचलेलं पोर्चपाशी थांबणार कसं?

“लिव्हा, सैपाकाचा ओटा लय उंच हाये. माहे हात पुरत नाही. कणीक मी खाली बसून मळतो.”

“ओट्याची उंची नियमाप्रमाणे आहे!” मार्तंडराव म्हणाले.

“बाबा, बोलू नका.”

“नियम काय कणीक मळते?” प्रयागबाई म्हणाली. “अन् देवघर. दार उघडलं का दिवा विझते. अन् माह्या खोलीची खिडकी शेजारच्याच्या कूलरसमोर काढली. उन्हाळाभर त्याची घरघर मले, गार हवा त्याले.”

मार्तंडरावांचा चेहरा एकेका वाक्यागणिक उतरत होता. चाळीस वर्षांत त्यांनी घरमालकांशी बोलणी केली होती, ठेकेदारांशी भांडणं केली होती. घरातल्या म्हाताऱ्या बाईला ओटा कुठवर हवा, हे विचारल्याचं काही केल्या त्यांना आठवेना.

नूपुरने पुन्हा लावून स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून प्रीतम कळवळला, “आजी, फक्त पोर्चचं! बाकी नका लिहू!”

“मंग बाकीचं कोनाले सांगू?”

“बाकीचं मला सांगा,” यमुताई म्हणाली. “मी वेगळ्या कागदावर घेते. ते कंपनीला नाही, मार्तंडाला.”

खाली प्रयागबाईने सही केली. शाळेत शिकली तेवढीच तिची अक्षरं, पण तिने ती एकेक करून नीट बसवली. कागद तिने स्वतःच्या हाताने मार्तंडरावांना दिला. सोबत त्यांनी कंपनीला कळवायचं पत्र नूपुरने लिहिलं. दोन्ही घरांत सोयरीक ठरते आहे, हेही त्यात घातलं. आयुषने कुंड्या हलवून तड्याचे फोटो काढले. सगळं फोनवरूनच कंपनीला गेलं, आणि ते मिळाल्याची पोच आल्याचं प्रीतमने कळवलं, तेव्हा वडाभात पार थंड झाला होता.

मार्तंडराव मात्र अजून अस्वस्थ होते. ते नूपुरला बाजूला घेऊन कुजबुजले, “अगं, मी त्यांना ‘माफ करा’ तरी म्हणू शकतो का? तेही कबुलीत येतं?”

नूपुरने प्रीतमला विचारलं. प्रीतमलाही हा प्रश्न नवा होता. थोडा विचार करून तो म्हणाला, “वाईट वाटलं एवढं म्हणू द्या. वाईट कोणालाही वाटू शकते.”

मार्तंडराव प्रयागबाईसमोर जाऊन उभे राहिले. कडक इस्त्रीचा सदरा आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या. “प्रयागबाई,” ते म्हणाले, “मला फार वाईट वाटलं.” आणखी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आयुषचा हात पेल्याकडे गेला, आणि त्यांनी ते मिटलं. डोळे मात्र मिटता आले नाहीत. ते भरून आले होते.

प्रयागबाईने ते पाहिलं. “चार महिन्यांपासून मी माह्या घरात चोरावानी मागून येऊन-जाऊन राहिली,” ती म्हणाली. “कोनी इचारलं नाही, बुढी मागून काहून येते म्हनून. तुमी खांबाले हात लावला अन् लगेच वर गेले, जेवाले नाही बसले. मले तेवढं पुरे.” मग मागे वळून म्हणाली, “धर्मेंद्रा, एवढंसं तोंड करून उभा काहून हायेस? फोड सुपारी.”

सुपारी दिवाणखान्यात फुटली. पोर्चखाली यमुताईने कोणाला थांबू दिलं नाही. निघताना सगळे, शालजोडी, नारळ आणि संत्राबर्फीच्या डब्यांसकट, धुण्याच्या दगडाजवळून मागच्या दाराने गेले. चंपतमामाला काय सांगायचं ते धर्मेंद्रने ठरवून टाकलं होतं. तो सांगणार होता, तक्रार आईने केली. आणि चंपतमामा प्रयागबाईला वचकून होता.

कंपनीने माणूस पाठवला. त्याने पोर्च ठोकून पाहिला, एका जागी फोडून पाहिला. सळ्या मार्तंडराव म्हणाले होते तिथेच, खाली दबलेल्या निघाल्या. खूप पत्रं इकडून तिकडे गेली. लग्नाच्या नात्याबद्दल दोनदा विचारणा झाली, पण ते आपणहून आधीच लिहिलेलं असल्यामुळे तिथे काही अडलं नाही. कंपनीने भरपाई मंजूर केली, आणि पावसाळ्याआधी जुना पोर्च उतरला. नव्याला दोन खांब आले, कारण प्रयागबाईने खांब मागितले. गल्लीने आता मान वर केली नाही तरी चालेल, ती म्हणाली, टेकायला काहीतरी पाह्यजे. ओटा मार्तंडरावांनी स्वतः उभं राहून कमी करून घेतला. त्याचा कंपनीशी काही संबंध नव्हता.

विमा संपायच्या आदल्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. प्रीतम ज्यासाठी त्यांच्या मागे लागला होता, ती वाढीव मुदत त्यांनी घेतली. म्हणजे आता ऑफिस बंद असलं, नवीन काम नसलं, तरी मागच्या कामांबद्दल पुढची काही वर्षं कोणी तक्रार केली, तर ती ऐकायला कोणीतरी असणार होतं. त्यांनी ती घेतली, आणि मग घरी बसायचं सोडून ते आपली जुनी घरं पाहत फिरू लागले. प्रीतमने हात जोडले. “सर, कृपा करा! तक्रारी आल्या तर कळवायच्या, मागत फिरायचं नाही.” मार्तंडराव म्हणाले, “मी तक्रारी मागत नाही. मी घरं पाहतो.”

जूनच्या सुरुवातीला ते आयुषला घेऊन रामटेकला गेले. गडाच्या पायथ्याशी रुपरावचं घर होतं, सहा वर्षांपूर्वीचं. साहेब असे न सांगता आलेले पाहून रुपराव हातातलं काम टाकून धावत आला. मार्तंडराव गच्चीवर गेले, बाल्कनीवर वाकून पाहिलं, किल्लीने इथे-तिथे ठोकलं, खाली आले.

“पाणी मुरतं?”

“नाही जी, साहेब.”

“दारं घासतात?”

“बिलकुल नाही. मस्त आहे घर. एक नंबर.”

मार्तंडरावांचं समाधान झालेलं दिसेना. रुपरावने आयुषला बाजूला घेतलं. “जावईबापू, साहेबाची तब्येत बरी आहे नं?”

“पहिल्यापेक्षा लय बरी आहे,” आयुष म्हणाला.

मार्तंडराव ओसरीतल्या खुर्चीवर बसले. घाम पुसला.

“रुपराव, घरात तुमच्या आई असतील ना? त्यांना बोलवा. आणि तुम्ही जरा आत जाऊन बसा.”

म्हातारी बाहेर आली. तिने साहेबांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि तो आत जाऊन दार लोटेपर्यंत ती उभीच राहिली.

“बसा, साहेब,” मग ती म्हणाली आणि स्वतःही खाली मांडी घालून बसली. “चहा ठेवाले सांगतो. जरा टाइम लागन.”